सावलीच्या धूसर कडेवरून क्वासारच्या तबकडीचे माप

प्रश्न : अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या क्वासारच्या पोटातील कृष्णविवराभोवती तप्त वायूची तबकडी फिरत असते आणि तिचा आकार शास्त्रज्ञांनी काही प्रकाशदिवस इतका मोजला आहे, असे एका लेखात वाचले. त्याच लेखात पुढे असेही होते, की जगातल्या कोणत्याही दुर्बिणीला ही तबकडी तबकडी म्हणून दिसत नाही. जी वस्तू दिसतच नाही तिचे माप घेतले कसे? याला मोजमाप म्हणायचे, की नुसता गणिती अंदाज?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आपण वाचलेली दोन्ही विधाने खरी आहेत. (क्वासार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा.) आधी अडचण केवढी आहे ते पाहू. सूर्याच्या शंभर कोटी पट वस्तुमानाचे कृष्णविवर घेतले, तर त्याच्या तबकडीचा अतिनील प्रकाश देणारा भाग सुमारे ८०० खगोलीय एकके रुंद भरतो. पृथ्वीपासून सूर्यापर्यंतचे अंतर म्हणजे एक खगोलीय एकक. ही रुंदी ओलांडायला प्रकाशाला साधारण साडेचार दिवस लागतात, आणि नेपच्यूनच्या कक्षेसारख्या तेराएक कक्षा तिच्यात ओळीने मांडता येतील. तरीही क्वासारच्या अंतरावरून ही तबकडी केवढी दिसावी? चंद्रावर ठेवलेला खसखशीचा एक दाणा इंदूरच्या गच्चीवरून जेवढा दिसेल, जवळजवळ तेवढी. हबल दुर्बिणीला चंद्रावरची शंभरेक मीटरहून लहान वस्तू वेगळी ओळखता येत नाही, यावरून खसखशीची गोष्ट कोठे राहते ते ध्यानात येईल.

आता आपल्या शेजारचे एक उदाहरण घेऊ. उज्जैनला आपणा इंदूरकरांचे जाणे-येणे असतेच. महाकालाचे दर्शन झाल्यावर कधी सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारने डागडुजी केलेल्या वेधशाळेत वाकडी वाट करून जावे. तेथील सम्राट यंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या आसाशी समांतर आहे आणि तिची सावली बाजूच्या वक्र पट्टीवरील खुणांवरून सरकत जाते. जवळ जाऊन पाहिले, तर सावलीची कड रेघेसारखी तीक्ष्ण नसल्याचे दिसते. पूर्ण उजेड आणि पूर्ण सावली यांच्यामध्ये एक करडा पट्टा असतो, आणि वेळ नेमकी कोठे वाचावी असा संभ्रम पाहणाऱ्याला पडतो. हा यंत्राचा दोष नव्हे. सूर्य बिंदू नसून तबकडी आहे. भिंतीआड त्याची एक कड आधी जाते, दुसरी मागाहून जाते, म्हणून उजेड एकदम न जाता हळूहळू जातो. विषुवदिनाच्या सुमारास पट्टीवरील एखाद्या खुणेवर बोट ठेवून घड्याळ लावले, तर तेथील उजेड पूर्ण जायला दोन मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो. सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो हे आपल्याला माहीत असते. म्हणजे दोन मिनिटांत अर्धा अंश, आणि सूर्यबिंबाचा व्यास तेवढाच आहे. सूर्याकडे मान वर करून एकदाही न पाहता, केवळ कडेचा धूसरपणा आणि सरकण्याचा वेग यांवरून आपण त्याचे माप काढले. याला कोणी अंदाज म्हणणार नाही.

क्वासारच्या बाबतीत हेच करायचे, तर त्याच्यापुढून सरकणारी एखादी तीक्ष्ण कड हवी. ती कड गुरुत्वाकर्षण पुरवते.

वस्तुमानाजवळून जाताना प्रकाश वळतो, हे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात पडताळले गेले होते. एक तारा दुसऱ्या ताऱ्याचा प्रकाश भिंगासारखा एकवटू शकेल, हे आइनस्टाइन यांनी १९३६ मध्ये लिहिले. मात्र असे दृश्य प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची फारशी आशा नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी सुचवले, की एकेकट्या ताऱ्यापेक्षा संपूर्ण दीर्घिकाच भिंगाचे काम चांगले करील. १९७९ मध्ये वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना सप्तर्षीच्या परिसरात एकाच क्वासारच्या दोन प्रतिमा शेजारी-शेजारी सापडल्या, आणि झ्विकींचे म्हणणे खरे ठरले. त्याच वर्षी चांग आणि रेफ्सडाल यांनी पुढचा, आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक विचार मांडला. भिंग झालेली दीर्घिका काही काचेसारखी एकसंध नसते, ती ताऱ्यांची बनलेली असते. तेव्हा क्वासारच्या प्रत्येक प्रतिमेचा प्रकाश त्या ताऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत येतो आणि प्रत्येक तारा त्याला आपल्यापरीने आणखी थोडा वळवतो. यालाच गुरुत्वीय सूक्ष्मभिंग म्हणतात. त्याने पडणाऱ्या प्रतिमा एकमेकींपासून विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दशलक्षांश भागाइतक्याच दूर असतात, त्यामुळे त्या वेगळ्या दिसत नाहीत. जाणवतो तो फक्त एकूण तेजातला चढउतार. (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, डी. नरसिंह आणि कंदस्वामी सुब्रमण्यन हे १९८० च्या दशकात, म्हणजे हा विषय कोवळा असतानाच, गुरुत्वीय भिंगांवर काम करत होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असावे म्हणून सांगतो.)

ताऱ्यांच्या या गर्दीमुळे नेमके काय घडते, ते समजायला दुपारी गच्चीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी आणि पाण्याला हलका धक्का द्यावा. तळाशी प्रकाशाच्या झगझगीत रेषांचे जाळे नाचू लागते. लाटांचे उंचवटे ओबडधोबड भिंगांचे काम करतात, आणि जेथे अनेक किरण एकत्र येऊन दुमडतात तेथे या रेषा उमटतात. इंग्रजीतला कॉस्टिक हाच शब्द शास्त्रज्ञ त्यांच्यासाठी वापरतात. आता रात्री तीच बादली मोबाइलच्या टॉर्चखाली धरावी आणि मग लांब ट्यूबलाइटखाली ठेवावी. टॉर्चखाली जाळे लख्ख दिसते, ट्यूबलाइटखाली त्याच्या रेषा फिसकटून जवळजवळ नाहीशा होतात, कारण टॉर्चचा दिवा बारीक आहे आणि ट्यूब लांबलचक. पाणी तेच, लाटा त्याच. जाळे स्पष्ट की पुसट, हे दिव्याच्या आकाराने ठरले. सूक्ष्मभिंगाने तबकडी मोजण्याची सगळी युक्ती या बादलीत आहे.

दीर्घिकेतील ताऱ्यांमुळे असेच तेजाचे जाळे क्वासारच्या पातळीवर पडलेले असते, असे समजावे. क्वासार, मधली दीर्घिका, तिच्यातले तारे आणि आपण, सगळेच सरकत असल्यामुळे हे जाळे क्वासारवरून हळूहळू वाहत जाते. एखादी कॉस्टिक रेषा तबकडीवरून गेली, की त्या प्रतिमेचे तेज चढते आणि पुन्हा उतरते. तबकडी लहान असेल तर चढ उभा आणि शिखर टोकदार येते. मोठी असेल तर सम्राट यंत्राच्या सावलीसारखी कड बोथट होते.

या कामासाठी सर्वांत गाजलेला क्वासार म्हणजे आइनस्टाइनचा क्रॉस, यादीतील नाव क्यू २२३७+०३०५. जॉन हुक्रा आणि सहकाऱ्यांनी तो १९८५ मध्ये शोधला. उच्चैःश्रवा तारकासमूहातील एका दीर्घिकेच्या गाभ्याभोवती त्याच्या चार प्रतिमा फुलाच्या पाकळ्यांसारख्या मांडलेल्या आहेत आणि तो सगळा पसारा दोन विकलांहूनही कमी जागेत मावतो. क्वासारची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचे माप) १.६९५ आहे, म्हणजे त्याचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय आजच्या एक तृतीयांशाहूनही कमी होते. उलट भिंग झालेल्या दीर्घिकेची ताम्रसृती जेमतेम ०.०३९. भिंग इतके जवळ असल्यामुळे तेजाचे जाळे क्वासारवरून तुलनेने झपाट्याने सरकते, आणि इतर ठिकाणी ज्या बदलांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते ते येथे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसतात. या क्वासारमधले सूक्ष्मभिंग प्रथम १९८९ मध्ये आयर्विन आणि सहकाऱ्यांनी ओळखले. १९९७ पासून पोलंडच्या ओगल प्रकल्पाने चिलीतील १.३ मीटरच्या दुर्बिणीतून त्याच्यावर नजर ठेवली, आणि १९९९ मध्ये चारांपैकी दोन प्रतिमा लागोपाठ ठळकपणे उजळून पुन्हा मंदावल्याचे तिच्या नोंदींत सापडले. त्या चढउतारांची वळणे किती बोथट आहेत, यावरून पुढे अनेक गटांनी तबकडीची मापे काढली.

या पद्धतीतली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट रंगांची आहे. निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्याएव यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पातळ तबकडीच्या सिद्धांतानुसार आतला भाग जास्त तप्त आणि बाहेरचा थंड असतो. तापमान त्रिज्येच्या पाऊण घाताच्या व्यस्त प्रमाणात उतरते. म्हणून निळा प्रकाश आतल्या लहान भागातून येतो आणि तांबडा बाहेरच्या मोठ्या भागातून. तरंगलांबी दुप्पट केली, की तबकडी अडीच पट मोठी दिसायला हवी. तसे असेल तर एकाच घटनेत निळ्या प्रकाशाचे तेज जास्त उसळले पाहिजे आणि तांबड्याचे कमी. वेध घेतले तेव्हा तसेच आढळले. क्ष-किरणांत तर चढउतार आणखी तीव्र असतात, कारण ते अगदी कृष्णविवरालगतच्या छोट्याशा भागातून निघतात. चंद्रा या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून त्या भागाचा आकार कृष्णविवराच्या सीमेच्या काही पटींइतकाच असल्याचे निष्पन्न झाले. उलट रुंद वर्णरेषा देणारे वायूचे ढग इतक्या मोठ्या प्रदेशात पसरलेले असतात, की तेजाचे जाळे त्यांच्यावर फारसे उमटतच नाही. ट्यूबलाइट आणि टॉर्च एकाच क्वासारमध्ये आहेत म्हणा ना.

आणि येथेच सिद्धांताला खटका बसतो. तबकडी रंगानुसार लहान-मोठी आहे हे बरोबर ठरले. पण क्वासारच्या तेजावरून सिद्धांत जे माप सांगतो, त्याच्या साधारण दोन ते चार पट माप सूक्ष्मभिंगातून येते. मॉर्गन, कोचानेक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अकरा क्वासारांची मापे एकत्र मांडली. कृष्णविवर जितके जड तितकी तबकडी मोठी, हे तीत स्वच्छ दिसते, आणि मघाशी सांगितलेले ८०० एककांचे माप त्याच मांडणीतून काढलेले आहे. पण अपेक्षेपेक्षा तबकडी मोठी, हा पेच तीतही कायम राहतो. तबकडीचा पृष्ठभाग गुळगुळीत तापलेला नसून त्यावर गरम-थंड डाग असतील, किंवा आतला प्रकाश बाहेरच्या वायूवर विखुरून आपल्यापर्यंत येत असेल, अशी स्पष्टीकरणे दिली जातात. त्यांपैकी कोणतेही सर्वमान्य झालेले नाही.

प्रश्न : क्वासारचे तेज मुळातच कमी-जास्त होत असते, असे ऐकले आहे. मग दिसलेला चढउतार मधल्या ताऱ्यामुळे झाला की क्वासारनेच केला, हे कसे ठरवतात? शिवाय सम्राट यंत्राच्या सावलीचा वेग माहीत असतो, तसा त्या ताऱ्याचा वेग कोणी मोजला आहे का?
— पहिल्या उत्तराचा मजकूर दाखवल्यावर राजेंद्रनगरच्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलेला प्रश्न

उत्तर : पहिल्या शंकेचे निरसन सोपे आहे. क्वासार स्वतः उजळला, तर त्याच्या सर्व प्रतिमा उजळतात. फक्त प्रत्येक प्रतिमेची वाट कमी-जास्त लांब असल्यामुळे त्या थोड्या मागेपुढे उजळतात. १९७९ मध्ये सापडलेल्या जोडप्रतिमेत हे अंतर सुमारे ४१७ दिवसांचे आहे, तर आइनस्टाइनच्या क्रॉसमध्ये फार तर एखाद्या दिवसाचे. हे अंतर जमेस धरून एका प्रतिमेच्या नोंदींतून दुसरीच्या नोंदी वजा केल्या, की क्वासारचा स्वतःचा चढउतार निघून जातो आणि उरतो तो वाटेतल्या ताऱ्यांचा. चार भावंडे एकाच वेळी हसली तर घरात काही गंमत घडली असेल; एकटेच हसले तर कारण त्याच्यापाशी शोधावे.

आपली दुसरी शंका मात्र वर्मावर बोट ठेवणारी आहे. आपल्याला मोजता येतो तो वेळ, आणि वेळेचे अंतर करायला वेग लागतो. मधल्या एखाद्या विशिष्ट ताऱ्याचा वेग मोजण्याची सोय नाही. आपला स्वतःचा वेग मात्र चांगला ठाऊक आहे : विश्वाच्या आरंभकाळापासून सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाच्या तुलनेत सूर्य सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने जात आहे, आणि त्याची दिशाही निश्चित आहे. दीर्घिकेतले तारे आपसांत किती वेगाने फिरत असावेत, हे तिच्या वर्णपटावरून कळते. दीर्घिका म्हणून तिचा जो वेग असेल, त्याची फक्त संभाव्य व्याप्ती सांगता येते. त्यात भर म्हणजे ताऱ्यांचे सरासरी वस्तुमानही गृहीत धरावे लागते, कारण तारा जितका जड तितके त्याचे जाळे विरळ आणि मोठे.

यावर तोडगा म्हणून ख्रिस्तोफर कोचानेक यांनी २००४ मध्ये आइनस्टाइनच्या क्रॉससाठी एक पद्धत वापरली, आणि ती आज रूढ झाली आहे. संगणकात ताऱ्यांची काल्पनिक गर्दी मांडायची. तिच्यातून आपल्या डोळ्यापासून क्वासारकडे, म्हणजे उलट दिशेने, कोट्यवधी किरण सोडून तेजाचे नकाशे तयार करायचे. उलट्या किरणांची ही रीत योआखिम वाम्बसगान्स यांनी नावारूपाला आणली. मग त्या नकाशांवर निरनिराळ्या आकारांच्या तबकड्या निरनिराळ्या वेगांनी आणि दिशांनी लक्षावधी वेळा चालवायच्या आणि प्रत्येक फेरीत उमटणारा चढउतार प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहायचा. बहुतेक फेऱ्या बाद होतात. ज्या जुळतात, त्यांतून एक ठाम आकडा मिळत नाही, तर आकाराची संभाव्य व्याप्ती मिळते.

तेव्हा “साडेचार प्रकाशदिवस” हा आकडा कोणी सोनाराच्या काट्यावर तोललेला समजू नये. एखाद्या क्वासारच्या बाबतीत त्यात निम्म्या-दुपटीचा फरक पडू शकतो. पण रंगांच्या तुलनेला या अनिश्चिततेची झळ बसत नाही. निळ्या आणि तांबड्या भागावरून जाणारी रेषा तीच, तिचा वेग तोच. म्हणून दोन आकारांचे गुणोत्तर काढताना अज्ञात वेग आपोआप कटतो. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातले सर्वांत भरवशाचे फळ ते गुणोत्तर आहे.

तबकडी अपेक्षेपेक्षा मोठी असल्याच्या निष्कर्षावर मी तरीही विश्वास ठेवतो, आणि तो केवळ सूक्ष्मभिंगाच्या भरवशावर नव्हे. एनजीसी ५५४८ या जवळच्या सक्रिय दीर्घिकेवर (हिच्याही गाभ्यात कृष्णविवर आणि तबकडी आहे) २०१४ मध्ये हबल व स्विफ्ट या अवकाश दुर्बिणींनी आणि जमिनीवरील दुर्बिणींनी अनेक महिने एकत्र पाळत ठेवली होती. आतल्या भागातला अतिनील प्रकाश आधी लुकलुकतो आणि बाहेरच्या भागातला दृश्य प्रकाश थोड्या उशिराने; या उशिरावरून तबकडीच्या या दोन भागांमधले अंतर काढले, तेव्हा तेही सिद्धांताच्या सुमारे तिप्पट निघाले. या पद्धतीत ना कोणते भिंग आहे, ना कोणत्या ताऱ्याचा वेग गृहीत धरलेला. दोन अनोळखी साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की न्यायाधीशाला ती ऐकावी लागते.

प्रश्न : २०१९ मध्ये कृष्णविवराचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. तीच यंत्रणा या तबकड्यांकडे का वळवत नाहीत?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : एम ८७ दीर्घिकेतील त्या कड्याचा व्यास सुमारे ४२ सूक्ष्मविकला (सूक्ष्मविकला म्हणजे विकलेचा दशलक्षांश) भरला, तर आपल्या तबकडीचा अर्धी सूक्ष्मविकलादेखील नाही. म्हणजे नव्वदएक पट बारीक बघणे आले. ती यंत्रणा पृथ्वीभर विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणींची मिळून झालेली आहे. त्या दुर्बिणी एकमेकींपासून आणखी लांब नेण्यासाठी पृथ्वीच अपुरी पडते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आइनस्टाइनचा क्रॉस इंदूरहून पाहता येईल का? आणि भारतातून असे वेध कोणी घेते का?
— एक विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : क्रॉसच्या प्रतिमा सतराव्या प्रतीच्या (प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद) आसपासच्या आहेत आणि त्या वेगळ्या दिसण्यासाठी हवा विलक्षण स्थिर लागते, तुझ्या गच्चीवरून ते जमणार नाही. लडाखमध्ये हान्ले येथे साडेचार हजार मीटर उंचीवर असलेली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण मात्र भिंगाआडच्या क्वासारांचे तेज वर्षानुवर्षे नोंदवणाऱ्या कॉस्मोग्रेल या आंतरराष्ट्रीय उपक्रमात सहभागी राहिली आहे.

क्वासार बघायचाच असेल, तर ३सी २७३ बघ. मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ज्याचे अंतर ओळखले आणि ज्याच्यामुळे क्वासार म्हणजे काय हे जगाला कळले, तो हाच. त्याची जागाही आदल्या वर्षी एका सरकत्या कडेनेच नेमकी कळली होती : चंद्र त्याच्यापुढून जाताना त्याच्या रेडिओ लहरी नक्की कोणत्या क्षणी थांबतात आणि पुन्हा सुरू होतात, ते ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या दुर्बिणीने टिपले होते. कन्या तारकासमूहात तेराव्या प्रतीच्या आसपासचा हा ठिपका आठ इंची दुर्बिणीत सापडतो. एप्रिल-मे महिन्यांतल्या अमावास्येच्या आसपास महूच्या पुढे, शहराचा उजेड मागे टाकून जावे लागेल. सोबत तारकांचा सविस्तर नकाशा ने, कारण शेजारच्या ताऱ्यांत आणि त्याच्यात दिसायला काहीच फरक नाही.